मार सिद्ध होतो, कारण सिद्ध होत नाही

संसदेच्या जवळजवळ प्रत्येक अधिवेशनात अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांविषयी एखादा तरी प्रश्न लागतो आणि त्याच्या उत्तराचा साचाही ठरलेला असतो. पोलीस व सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहेत, केंद्र सरकारने राज्यांना वेळोवेळी सूचना दिल्या आहेत आणि माहिती सोबतच्या तक्त्यात जोडली आहे, असे सांगून मंत्री खाली बसतात. तक्ता मात्र वाचण्यासारखा असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशभरात अनुसूचित जातींविरुद्धचे ५७,५८२ गुन्हे नोंदले गेले. २०२३ मध्ये ही संख्या ५७,७८९ झाली. त्यांची वर्गवारी पाहिली तर सर्वांत मोठा गट खुनाचा नाही, जाळपोळीचाही नाही. तो 'साध्या दुखापती'चा आहे. २०२२ मध्ये असे १८,४२८ गुन्हे होते. म्हणजे एकूण गुन्ह्यांच्या जवळपास एक तृतीयांश.

खैरलांजी, कंबालपल्ली, चुंडूर, लक्ष्मणपूर बाथे ही नावे देशाच्या स्मरणात आहेत, ती तिथे सांडलेल्या रक्तामुळे. 'अॅट्रॉसिटी' हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर हत्याकांडेच येतात. या कायद्याचे रोजचे काम मात्र निराळेच आहे. बांधावर झालेली काठीची मारहाण, पाणवठ्यावरची थप्पड, वरातीतील घोड्यावरून खाली ओढणे, मजुरी मागितली म्हणून फुटलेले डोके, असे ते काम आहे. त्याची बातमी जिल्हा पानावरच संपते आणि खटला तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या न्यायालयात वर्षानुवर्षे चालतो. या कायद्याचे यशापयश मोजायचे तर ते या लहान खटल्यांत मोजले पाहिजे. तिथे एक विचित्र अनुभव वारंवार येतो. मार खाल्ला हे सिद्ध होते. तो का खाल्ला, हे सिद्ध होत नाही.

याचे मूळ कायद्याच्या इतिहासात आहे. राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. त्याला दंडाची जोड देण्यासाठी १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा आला आणि १९७६ मधील दुरुस्तीने त्याचे नागरी हक्क संरक्षण कायद्यात रूपांतर झाले. हे दोन्ही कायदे मंदिर, विहीर, उपाहारगृह येथील मज्जावाविषयी बोलत होते. पण दलितांनी विहिरीवर आणि मतदान केंद्रावर हक्क सांगायला सुरुवात केली तेव्हा उत्तर मज्जावाने मिळाले नाही, मारहाणीने मिळाले. तामिळनाडूत किळवेनमणी येथे १९६८ मध्ये ४४ जणांना जाळण्यात आले. आंध्र प्रदेशात कारमचेडू येथे १९८५ मध्ये सहा दलितांची हत्या झाली. या पार्श्वभूमीवर राजीव गांधी यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा संमत झाला आणि ३० जानेवारी १९९० रोजी, विश्वनाथ प्रताप सिंह पंतप्रधान असताना, तो अमलात आला.

या कायद्याने अत्याचारांची यादी केली, पण साधी मारहाण तीत स्वतंत्रपणे घातली नाही. दहा वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेचा गुन्हा जातीच्या कारणावरून केला तर जन्मठेप, अशी तरतूद झाली. त्याखालच्या दुखापतींसाठी मात्र पोलिसांच्या हाती दंड संहितेचे नेहमीचे कलम आणि अत्याचार कायद्यातील अपमानाचे कलम एवढेच उरले. सार्वजनिक दृष्टिपथात, अवमान करण्याच्या हेतूने केलेला अपमान, असे त्या कलमाचे स्वरूप होते. परिणामी काठीच्या माराला अत्याचार ठरवायचे तर काठीबरोबर शिवी सिद्ध करावी लागे. त्यातून देशभरच्या पोलीस ठाण्यांत एक ठरावीक वाक्य रूढ झाले. फिर्याद कन्नडमध्ये असो, हिंदीत असो वा मराठीत, 'जातिवाचक शिवीगाळ करून मारहाण केली' हे वाक्य तिच्यात येतेच. मार खाल्लेल्या माणसाच्या तोंडी ठाणे अंमलदाराची भाषा घातली जाते आणि पुढे उलटतपासणीत तीच भाषा त्याच्याविरुद्ध वापरली जाते. शिवी नेमकी कोणती, ती कोणी ऐकली, ऐकणारा नात्यातला की परका, घटना भिंतीआड घडली की रस्त्यावर, या प्रश्नांत जखम बाजूला राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये उत्तराखंडमधील एका प्रकरणात घराच्या चार भिंतींआड, बाहेरचे कोणी नसताना झालेला अपमान या कलमात बसत नाही असे सांगितले. कायद्याच्या शब्दांना धरून ते योग्यच होते. पण जो समाज गावकुसाबाहेर, शेतात वा धन्याच्या वाड्यात राबतो, त्याच्या अपमानाला त्रयस्थ साक्षीदार मिळणार कोठून, हा प्रश्न त्या शब्दांनी सुटत नाही.

दुसरी अडचण कारणाची. भारतीय खेड्यात निव्वळ जातीचे भांडण क्वचितच होते. भांडण जमिनीचे असते, पाण्याचे असते, गुरे शेतात शिरल्याचे असते. जात त्या भांडणाला वजन देते; कोणी बोलावे, कोणी ऐकून घ्यावे आणि कोणी हात उचलावा हे ठरवते. मध्य प्रदेशातील एका प्रकरणात दलित शेतकऱ्याने आपल्या शेतातून गुरे हाकलली. साक्षीनुसार, ठाकुरांची गुरे हाकलण्याची खंगाराची हिंमत कशी झाली, असे म्हणत आरोपीने कुऱ्हाडीने वार केले आणि तो शेतकरी मरण पावला. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आरोपीला सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवले. अत्याचार कायद्याखालील शिक्षा मात्र रद्द केली. केवळ जातीच्याच कारणावरून गुन्हा घडल्याचा पुरावा नाही, असे कारण देण्यात आले. कायद्यात 'जातीच्या कारणावरून' एवढेच शब्द होते. 'केवळ' हा शब्द निर्णयातून आला. त्या एका शब्दाने गुरांचे भांडण वेगळे झाले आणि जात वेगळी झाली. गावात त्या दोन गोष्टी कधीच वेगळ्या नसतात.

यावर न्यायालयातच फेरविचार झाला ही समाधानाची बाब. एप्रिल २०२१ मध्ये न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. एम. आर. शहा यांच्या पीठापुढे आंध्र प्रदेशातील एका दृष्टिहीन दलित तरुणीवरील बलात्काराचे प्रकरण होते. जात, स्त्रीत्व आणि अपंगत्व एकत्र येऊन अत्याचार घडतो तेव्हा जात हे एकमेव कारण असल्याचा आग्रह धरणे म्हणजे कायदाच निरुपयोगी करणे होय, अशी भूमिका पीठाने घेतली. गंमत अशी की त्याच निकालात बलात्काराची जन्मठेप कायम राहिली आणि अत्याचार कायद्याखालील शिक्षा पुराव्याअभावी रद्द झाली. तत्त्व बदलले, पण जातीचे कारण दाखवणारा पुरावा फिर्यादी पक्षाने गोळाच केलेला नव्हता.

संसदेने त्याआधीच कायदा बदलला होता. २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने गंभीर गुन्ह्यांच्या कलमातील 'जातीच्या कारणावरून' हे शब्द काढले. पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे हे आरोपीला ठाऊक असणे पुरेसे ठरले. आरोपीची पीडिताशी वा त्याच्या कुटुंबाशी ओळख असेल तर त्याला जात माहीत होती असे न्यायालयाने गृहीत धरावे, अशीही तरतूद झाली. शिवाय साधी दुखापत, गंभीर दुखापत, अडवणूक, धमकी हे गुन्हे एका परिशिष्टात घालून ते प्रथमच अत्याचार कायद्याच्या कक्षेत आणले गेले. ज्या गावात प्रत्येकाला प्रत्येकाची जात ठाऊक असते, त्या गावातील माराची सिद्धता यामुळे बरीच सोपी व्हायला हवी होती.

या दुरुस्तीत एक विसंगती मात्र राहिली. सार्वजनिक जातिवाचक शिवीगाळीला किमान सहा महिने आणि कमाल पाच वर्षे कैद आहे. साध्या दुखापतीला दंड संहितेतील शिक्षाच लागू होते आणि तिची कमाल मर्यादा एक वर्षाची आहे, किमान काहीच नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली तरी हे गणित बदललेले नाही. शब्दाला अधिक शिक्षा आणि काठीला कमी! तेव्हा मारहाणीच्या खटल्यांत या कायद्याचा खरा लाभ वाढीव शिक्षेचा नसून कार्यपद्धतीचा आहे. तपास पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा, दोषारोपपत्र ६० दिवसांत दाखल करायचे, खटला विशेष न्यायालयात चालवून शक्यतो दोन महिन्यांत निकाली काढायचा, पीडिताला प्रत्येक टप्प्याची सूचना द्यायची, साक्षीदारांना संरक्षण द्यायचे आणि गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ८५ हजार ते सव्वाआठ लाख रुपयांचे अर्थसाहाय्य टप्प्याटप्प्याने द्यायचे. कागदावर इतकी तपशीलवार योजना असलेले फौजदारी कायदे आपल्याकडे फार नाहीत.

प्रत्यक्षात काय होते? केंद्र सरकारच्याच २०२२ च्या अहवालानुसार १४ राज्यांतील ४९८ जिल्ह्यांत केवळ १९४ विशेष न्यायालये होती. या कायद्याखालील दोषसिद्धीचे प्रमाण २०२० मधील ३९.२ टक्क्यांवरून २०२२ मध्ये ३२.४ टक्क्यांवर आले. त्याच वर्षी दंड संहितेखालील एकूण गुन्ह्यांत निम्म्याहून अधिक खटल्यांत दोषसिद्धी झाली होती. दोन महिन्यांच्या मर्यादेचे काय होते, हे कर्नाटकातील मरकुंबी गावाने दाखवले. कोप्पळ जिल्ह्यातील या गावात केशकर्तनालय व उपाहारगृहातील प्रवेशावरून ताण होता. २८ ऑगस्ट २०१४ रोजी दलित वस्तीवर हल्ला झाला, माणसांना मारहाण झाली, घरे पेटवली गेली. २४ ऑक्टोबर २०२४ रोजी, म्हणजे दहा वर्षांनी, कोप्पळच्या सत्र न्यायालयाने ९८ जणांना जन्मठेप आणि तिघांना पाच वर्षांची कैद सुनावली. एवढ्या मोठ्या संख्येने शिक्षा होण्याची ही विरळा घटना म्हणून देशभर तिचा गवगवा झाला. नंतर काही आठवड्यांतच उच्च न्यायालयाच्या धारवाड पीठाने बहुसंख्य दोषींना जामीन दिला, याची बातमी तितकी मोठी झाली नाही. अपील प्रलंबित असताना जामीन मिळणे कायद्याला धरूनच आहे. पण गावात राहून साक्ष देणाऱ्याला कायद्याची ही बारकाई कळत नाही. परत आलेली माणसे त्याला दिसतात.

या दहा वर्षांत खटल्याचे काय होते, हे कोणत्याही जिल्हा न्यायालयात पाहता येते. फिर्याद नोंदवली जाताच त्याच घटनेची उलट फिर्याद येते. चोरीची, विनयभंगाची वा मारहाणीचीच. आणि दोन्ही बाजू आरोपी झाल्या की तडजोडीची बोलणी सुरू होतात. तपास अधिकारी बदलून जातो. जातीचा दाखला दोषारोपपत्राला जोडायचा राहून जातो. वैद्यकीय तपासणी दुसऱ्या दिवशी होते. साक्षीदाराची मजुरी आरोपीच्या शेतावर असते, त्याचे किराणा उधारीचे खाते आरोपीच्या भावाच्या दुकानात असते. तो फितूर झाला तर त्यात नवल ते काय? कर्नाटकातील कंबालपल्लीत २००० मध्ये सात दलितांना जिवंत जाळले गेले. साक्षीदार उलटले आणि २००६ मध्ये सारे आरोपी सुटले. जिथे सात प्रेतांना साक्षीदार टिकले नाहीत, तिथे एका फुटलेल्या डोक्याला ते कसे टिकावेत?

तडजोडीला न्यायालयाचाही काही प्रमाणात आधार मिळाला आहे. मध्य प्रदेशातील शेजाऱ्यांच्या जमिनीच्या वादात महिलेवर वीट भिरकावून जातिवाचक शिवीगाळ केल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचेपर्यंत सुमारे अडीच दशके उलटली होती. दोन्ही पक्षांनी समेट केल्याने २०२१ मध्ये न्यायालयाने घटनादत्त विशेषाधिकार वापरून शिक्षा रद्द केली. समेट दबावाखाली झालेला नसावा, ही अट न्यायालयाने आवर्जून घातली. अट योग्यच, पण ज्याच्याकडे दुसरे गाव नाही, दुसरी मजुरी नाही, त्याच्या संमतीत दबाव किती आणि मर्जी किती, हे प्रतिज्ञापत्रावरून ओळखता येत नाही.

तोच पुरावा दोन न्यायालये किती वेगळ्या नजरेने वाचतात, याचे उदाहरण राजधानीतच घडले. हरियाणातील हिसार जिल्ह्यातील मिर्चपूर येथे एप्रिल २०१० मध्ये कुत्रा भुंकल्याच्या क्षुल्लक कारणावरून वाल्मीकी वस्तीवर हल्ला झाला. सत्तरीतील वृद्ध आणि त्यांची अपंग मुलगी जळून मृत्युमुखी पडली. हरियाणात निःपक्ष सुनावणी होणार नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने खटला दिल्लीला वर्ग केला. रोहिणी न्यायालयाने २०११ मध्ये ९७ पैकी १५ आरोपींना दोषी ठरवले आणि ८२ जणांना सोडले. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात न्या. एस. मुरलीधर आणि न्या. आय. एस. मेहता यांच्या पीठाने आणखी २० जणांना दोषी ठरवले, १२ जणांना जन्मठेप दिली आणि हा जाट समुदायातील लोकांनी वाल्मीकींवर ठरवून केलेला हल्ला होता असा निष्कर्ष काढला. पुरावा तोच होता. कनिष्ठ न्यायालयाला त्यात कुत्र्याचे भांडण दिसले. उच्च न्यायालयाने त्या भांडणामागचे गाव वाचले.

या खटल्यांचे राजकारण मात्र गैरवापराच्या आरोपाभोवती फिरते, आणि त्याची मोठी लढाई महाराष्ट्रातून आलेल्या प्रकरणावर झाली. २०१६ च्या मराठा क्रांती मोर्चांत या कायद्याच्या दुरुस्तीची मागणी पुढे आली होती. त्यानंतर कराडच्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातील एका कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालावरून उद्भवलेले प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्या. आदर्शकुमार गोयल आणि न्या. उदय लळित यांनी २० मार्च २०१८ रोजी अटकेपूर्वी परवानगीची आणि गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची अट घातली. २ एप्रिलच्या भारत बंदमध्ये उत्तर भारतात हिंसाचार होऊन बळी गेले. सत्ताधारी आघाडीतील दलित नेते अस्वस्थ झाले आणि ऑगस्टमध्ये संसदेने दुरुस्ती करून त्या अटी निष्प्रभ केल्या. १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्या. अरुण मिश्रा, न्या. शहा आणि न्या. भूषण गवई यांच्या पीठाने ते निर्देश मागेही घेतले. पुढे न्या. लळित आणि न्या. गवई हे दोन्ही मराठी न्यायमूर्ती सरन्यायाधीश झाले, हा योगायोग नोंदवण्याजोगा.

गैरवापराची भीती सर्वस्वी निराधार आहे असे म्हणता येणार नाही. कार्यालयातील शेऱ्यावरून वा मालमत्तेच्या वादातून कायदा ओढला जाण्याची उदाहरणे आहेत आणि अशा प्रकरणात अधिकाऱ्याची प्रतिष्ठा पणाला लागते. म्हणूनच फेब्रुवारी २०२० च्या निकालाने सकृद्दर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर अटकपूर्व जामिनाचा दरवाजा उघडा ठेवला आहे. परंतु निर्दोष मुक्तता म्हणजे खोटी फिर्याद, हे समीकरण चुकीचे आहे. २०२२ मध्ये पोलिसांनी खोटी तक्रार वा पुराव्याचा अभाव अशा कारणांनी बंद केलेली प्रकरणे सुमारे १५ टक्के होती. त्यात 'पुराव्याचा अभाव' हा तपासाच्या दुबळेपणाचाही पुरावा असू शकतो. सुटलेला प्रत्येक आरोपी निर्दोष धरावा हे कायद्याचे तत्त्व आहे. त्यावरून प्रत्येक फिर्यादी खोटा धरावा, असे कोणताही कायदा सांगत नाही.

दरवाजा उघडा ठेवताना तो किती उघडायचा, याचे भान १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने दिले. धाराशिव जिल्ह्यातील या प्रकरणात २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत सांगितल्याप्रमाणे मतदान केले नाही म्हणून मातंग कुटुंबाला घराबाहेर जातिवाचक शिवीगाळ करून लोखंडी गजाने मारहाण केल्याचा आरोप आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अटकपूर्व जामीन दिला होता. सरन्यायाधीश गवई यांच्या पीठाने तो रद्द केला. जामिनाच्या टप्प्यावर छोटी सुनावणी घेऊन पुराव्याची चिरफाड करता येणार नाही आणि घराबाहेरची जागा सार्वजनिक दृष्टिपथातच येते, हे त्याचे सार. आरोप खरे की खोटे ते खटल्यात ठरेल. पण तो खटला निदान उभा राहील.

नोकरीनिमित्त राज्याबाहेर गेलेल्या मराठी माणसासाठी आणखी एक निर्णय महत्त्वाचा आहे. अनुसूचित जातींची यादी राज्यवार असते. एका राज्यातील दाखल्यावर दुसऱ्या राज्यात आरक्षणाचा लाभ मिळत नाही, हे तत्त्व १९९० च्या दशकापासून रूढ आहे. त्याच न्यायाने परराज्यात मार खाल्ला तर अत्याचार कायद्याचे संरक्षणही मिळणार नाही काय? मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये याचे उत्तर दिले. या कायद्याचे संरक्षण देशात कोठेही मिळते. स्थलांतराबरोबर ते संपत नाही. आरक्षण ही राज्याने द्यायची संधी आहे, तर मारापासूनचे संरक्षण माणूस जिथे असेल तिथे लागते. हा निर्णय दिल्ली वा बंगळुरूच्या न्यायालयांना बंधनकारक नसला तरी मार्गदर्शक आहे. परराज्यातील ठाणे अंमलदाराने 'तुमची जात आमच्या यादीत नाही' असे सांगून परत पाठवलेल्या माणसाला तो दाखवता यावा.

कायद्यात आणखी भर घालण्यासारखे आता फारसे उरलेले नाही. उरले आहे ते प्रशासन. कर्तव्यात हयगय करणाऱ्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष कैदेची तरतूद याच कायद्यात आहे. तिचा वापर झाल्याचे क्वचितच ऐकू येते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीने तीन महिन्यांतून एकदा आणि मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने वर्षातून दोनदा बैठक घ्यायची आहे. या बैठकांत आकडे वाचले जातात. एखादा खटला कोठे आणि कोणाच्या दिरंगाईने अडकला, हे विचारले गेले तर निम्मी दुरुस्ती तिथेच होईल. उपअधीक्षकाने पहिल्या दिवशी दाखला मिळवला, गावातील जुन्या तंट्याची नोंद तपासात आणली, साक्षीदाराचा जबाब दंडाधिकाऱ्यापुढे नोंदवला आणि सरकारी वकिलाने आरोपीच्या माहितीविषयीचे गृहीतक न्यायालयापुढे ठामपणे मांडले, तर 'मार का खाल्ला' या प्रश्नाचे उत्तर कागदावर येईल. देशाच्या अनेक राज्यांत जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक म्हणून मराठी अधिकारी काम करत आहेत. हत्याकांडानंतर गावात मंत्री येतात, आयोग येतात, वाहिन्या येतात. थप्पड खाल्लेला माणूस ठाण्यात एकटाच येतो. त्याची फिर्याद कोणत्या शब्दांत लिहिली जाते, यावर या कायद्याचे भवितव्य ठरणार आहे.